पुणं निळं, नागपूर नारिंगी

आढावा बैठकीत प्रोजेक्टर लागतो, पीपीटी उघडते आणि पडद्यावर सगळ्यात आधी जे दिसतं ते कंपनीचं बोधचिन्ह नसतं. एक चौकट असते. चौकटीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं 'सिक्युरिटी नोटिस' आणि खाली बारीक अक्षरांत साधारण असं, की या प्रेझेंटेशनला दुसऱ्या फायली जोडलेल्या आहेत, त्यांच्याकडून ताजी माहिती आणायची का? बटणं दोन: 'अपडेट लिंक्स' आणि 'कॅन्सल'. ही चौकट आपल्या टेबलावर एकट्याने पाहिली तर अगदी निरुपद्रवी आहे. पण भल्यामोठ्या पडद्यावर, पंधरावीस माणसांदेखत, साहेबांचा चहाचा कप ओठांपर्यंत गेलेला असताना ती उगवली की सगळे चिडीचूप होतात. 'सिक्युरिटी' एवढंच सगळ्यांनी वाचलेलं असतं. साहेब विचारतात, "व्हायरस आहे का?" आणि माऊसवर ज्याचा हात असतो तो नोकरी टिकवण्याच्या उपजत बुद्धीने 'कॅन्सल' दाबतो.

झालं. इथून पुढे तासभर सगळे मिळून मागच्या महिन्याच्या आकड्यांवर या महिन्याचं भांडण करतात. कारण एक्सेलशी जोडलेला चार्ट पडद्यावर कायम भरलेलाच दिसतो. माहिती ताजी झाली नाही म्हणून तो कोरा पडत नाही, फिकट होत नाही, कण्हतसुद्धा नाही. शेवटचं जे चित्र त्याच्याकडे असेल ते तो तितक्याच आत्मविश्वासाने दाखवत राहतो. आत्मविश्वासाचा आणि ताज्या माहितीचा काही संबंध नसतो, हे खरं तर बैठकीला बसणाऱ्या कुणालाही आजूबाजूला बघून कळायला हवं. पण माणूस माणसावर संशय घेतो, चार्टवर घेत नाही.

आमची कंपनी कूलर बनवते. पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि जळगाव अशा चार शाखा. एक्सेलची एक अवाढव्य फाईल, तिच्यात विक्री, वसुली, साठा, तक्रारी. त्या फाईलला जोडलेली एक पीपीटी, तिच्यात दर तिमाहीला वाढतच जाणाऱ्या स्लाइड. योजना अशी, की आकडे एका जागी भरायचे आणि सगळे चार्ट आपोआप बदलायचे. आपोआप होणाऱ्या गोष्टींवर आमच्याकडे सगळ्यांची फार श्रद्धा आहे. त्या आपोआप व्हाव्यात म्हणून एमआयएसच्या मॅडम बैठकीच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत थांबतात, ही बाब श्रद्धेच्या आड येत नाही.

मुळात ज्याने हे सगळं सुरू केलं त्याला हा त्रास नव्हता. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडनमध्ये व्यापाराच्या आकड्यांचा एक ॲटलस काढला आणि आकड्यांच्या रेघा काढायची रीत घालून दिली. त्याच पुस्तकात एक स्तंभालेखही आहे. तो का, तर स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते; रेघ ओढायला वर्षं पुरेनात म्हणून त्याने पट्ट्या काढल्या. म्हणजे आज जगभरच्या कचेऱ्यांत जो बार चार्ट नाचतो आहे त्याचा जन्म डेटा कमी पडल्यामुळे झाला, ही गोष्ट मला फार आश्वासक वाटते. पुढे १८०१ मध्ये त्यानेच पाय चार्ट काढला. हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. तांब्यावर कोरलेल्या चार्टसाठी कुणी रात्री अकरा वाजता फोन करून 'जरा अपडेट करून पाठवा' असं म्हणत नाही.

कटकट सुरू झाली ती संगणकावर. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं आणि एका घरातला आकडा बदलला की बाकीचे आकडे स्वतःहून बदलू लागले. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेल काढलं, तेही आधी मॅकिंटॉशसाठी. पॉवरपॉइंटचं घराणं मात्र वेगळं. ते फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीने १९८७ मध्ये काढलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. पहिलं पॉवरपॉइंट कृष्णधवल होतं, त्यामुळे रंगांवरून वाद नव्हते. १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टने एका फाईलमधली वस्तू दुसरीत ठेवण्याची किंवा तिच्याशी जोडून देण्याची सोय आणली आणि या दोन घराण्यांत रीतसर सोयरीक सुरू झाली.

सोयरीक हे मी उगाच म्हणत नाही. एक्सेलमधून चार्ट उचलून पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट करायला गेलं की पाच पर्याय समोर येतात, आणि ते पाचही कुठल्याही मराठी घरात लग्नाच्या बैठकीत बोलले गेलेले आहेत. पहिला: पोरीने सासरच्या चालीरीती घ्यायच्या, पण माहेरचं अख्खं बिऱ्हाड सोबत आणायचं. दुसरा: बिऱ्हाडही आणायचं आणि चालीरीतीही माहेरच्याच ठेवायच्या. तिसरा: राहणी सासरची, पण रोज माहेरी फोन. चौथा: राहणी माहेरची आणि वर रोज फोन. पाचवा पर्याय 'पिक्चर', म्हणजे नुसता फोटो. पोरगी आलीच नाही, भिंतीवर तसबीर लावली.

पॉवरपॉइंटमध्ये नुसतं कंट्रोल व्ही दाबलं की तिसरा पर्याय लागू होतो. चार्ट सासरचे रंग, सासरचा फाँट घेतो आणि आकड्यांसाठी एक्सेलच्या फाईलकडे बघत बसतो. हे ठरवून होत नाही, दाबलं म्हणून होतं. पेस्ट केल्यावर चार्टच्या कोपऱ्याशी एक इवलंसं चिन्ह येतं, त्यात हे पाचही पर्याय असतात. पण आपण पुढचं काही टाइप करायला लागलो की ते गुपचूप निघून जातं. त्यामुळे आपण कसली बोलणी पक्की केली हे बहुतेकांना कळतं ते थेट बैठकीत.

बिऱ्हाडासकट आणायच्या पर्यायाला आत 'एम्बेड' म्हणतात. दिसायला हा सगळ्यात सुरक्षित. फाईल हरवायची भीती नाही, चौकट उगवायची भीती नाही. फक्त एकच गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही, की चार्टबरोबर त्याची एकटीची शीट येत नाही, पूर्ण वर्कबुक येतं. स्लाइडवर चार गोंडस पट्ट्या दिसतात आणि त्यांच्या पोटात बाकीच्या सगळ्या शीट निवांत बसलेल्या असतात. एका डीलरला विक्रीचा चार्ट पाठवला गेला. त्या भल्या गृहस्थाने त्यावर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' म्हटलं, तर आत शेजारच्या टॅबवर इतर सगळ्या डीलरांना दिलेली सूट ओळीने लिहिलेली. त्याने काही कळवलं नाही. पुढच्या खेपेला रेट ठरवायला आला तेव्हा मात्र तो जे टक्के मागत होता ते दशांशापर्यंत बरोबर होते.

फोटोवाल्यांचं निराळंच. त्यांचा या सगळ्या सोयरिकीवर विश्वास नाही. ते एक्सेलचा स्क्रीनशॉट काढतात, व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवतात आणि तिथून उतरवून स्लाइडवर ताणून बसवतात. अशा चार्टमध्ये पट्ट्यांबरोबर मागच्या शीटच्या जाळीच्या रेघा, निवडलेल्या घराची हिरवी चौकट आणि खाली टास्कबारवर रात्रीची वेळ एवढं सगळं येतं. तो आडवा ताणलेला असल्यामुळे अक्षरं बाळसेदार दिसतात. पण या माणसाचा आकडा कधी बदलत नाही आणि पडद्यावर कसली चौकट येत नाही, म्हणून त्याच्याकडे सगळे हेव्याने बघतात.

आता रंग. जो चार्ट सासरचे रंग घेतो तो ते थीममधून घेतो, आणि थीम रंग वाटते ती क्रमाने. पहिल्या मालिकेला पहिला रंग, दुसरीला दुसरा. ऑफिस २०१३ पासून पुढे बरीच वर्षं नेहमीच्या थीममध्ये हा क्रम निळा, नारिंगी, करडा, पिवळा असा होता. आमच्या पहिल्या स्लाइडवर पुणं निळं आलं आणि नागपूर नारिंगी. संत्र्यांचा विचार करून कुणी तरी हे मुद्दाम केलं असावं असं नागपूरकरांना वाटलं आणि ते खूष झाले. कोल्हापूरच्या वाट्याला करडा आला. कोल्हापूरच्या मॅनेजरांनी त्यावर एवढंच विचारलं, "आमचा रंग उडालाय का वो?" जळगावला पिवळा. तिथे केळीही आहेत आणि सोन्याची पेढीही, त्यामुळे जळगावने काही तक्रार केली नाही.

मजा पुढच्या स्लाइडवर. तिथे वसुली होती, आणि वसुलीच्या शीटमध्ये कुणी तरी शाखा थकबाकीच्या उतरत्या क्रमाने मांडल्या होत्या. त्यामुळे पहिलं नागपूर. रंग वाटणाऱ्याला शहराचं नाव कळत नाही, रांगेतला नंबर कळतो. नागपूर निळं झालं आणि पुणं नारिंगी. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना माणूस शहराचं नाव पुन्हा वाचत नाही, रंग ओळखतो. परिणामी साहेब दहा मिनिटं पुण्याच्या मॅनेजरांना नागपूरच्या थकबाकीबद्दल झापत होते आणि पुण्याचे मॅनेजर 'हो सर, बघतो सर' म्हणत होते. त्यांनाही स्वतःचा रंग निळाच वाटत होता. नागपूरचे मॅनेजर हळूच शेजाऱ्याला म्हणाले, "हे तर आपलं दिसून राहिलं बे," आणि गप्प बसले. कुणाची थकबाकी कुणाच्या नावावर जात असताना गप्प बसण्याला नागपुरात काय म्हणतात मला ठाऊक नाही. पुण्यात त्याला संयम म्हणतात.

यावर उपाय म्हणून शाखांना कायमचे रंग ठरवायची एक बैठक झाली. ती बैठक मी विसरणार नाही. महाराष्ट्रात तटस्थ रंग शिल्लक नाही हे त्या दिवशी लक्षात आलं. भगवा एका शाखेला दिला तर दुसरीने का नको. हिरवा म्हटलं की कुणी तरी खाकरतं. निळा ठरवताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि निवडणुकीचं वर्ष असल्याने एकाने सुचवलं की सगळेच जांभळ्याच्या वेगवेगळ्या छटा घेऊ. लाल साहेबांनीच बाद केला, कारण लाल पट्टी कितीही उंच असली तरी त्यांना ती तोटा वाटते. शेवटी 'आहे तेच चालू दे' असं ठरलं आणि तसं इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

रंगांपेक्षा लबाड असतो तो अक्ष. चार्टच्या डाव्या बाजूला उभी रेघ असते, तिच्यावर आकडे. ते आकडे कुठून कुठपर्यंत घ्यायचे हे आपण सांगितलं नाही तर एक्सेल स्वतः ठरवतं, आणि प्रत्येक चार्टपुरतं वेगळं ठरवतं. एकाच मापाचे दोन चार्ट शेजारी ठेवले होते. नागपूरच्या अक्षावर वरचा आकडा ५,००० आणि कोल्हापूरच्या ५००. पट्ट्या दोन्हीकडे सारख्याच उंच. साहेबांनी कोल्हापूरचं भरभरून कौतुक केलं: थंड हवेच्या गावात नागपूरच्या खांद्याला खांदा लावून कूलर विकताय! कोल्हापूरच्या मॅनेजरांनी हात जोडले. "आपल्या आशीर्वादानं चाललंय बघा, साहेब." खोटं ते काहीच बोलले नव्हते. नागपूरकरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता, पण वसुलीच्या स्लाइडवर कमावलेला संयम ते इतक्यात खर्च करायला तयार नव्हते.

आकडे एकमेकांच्या फार जवळ असले की आणखी एक गंमत होते. मग एक्सेल अक्ष शून्यापासून सुरू करतच नाही, वरूनच कुठून तरी सुरू करतं. तक्रारी ९६, ९७, ९८ अशा झाल्या की शेवटची पट्टी पहिलीच्या दुपटीतिपटीने उंच दिसते आणि सर्व्हिस विभागाच्या माणसाला घाम फुटतो. विक्री तशीच ९६, ९७, ९८ झाली तर त्याच चित्राला आम्ही 'भरारी' म्हणतो.

मॅडमनी यावर अक्ष बांधून टाकले. कमाल आकडा हाताने टाइप केला की शेजारचं 'ऑटो' जाऊन तिथे 'रीसेट' येतं, आणि मग एक्सेल आपली अक्कल चालवत नाही. चारही शाखांना शून्य ते ५,००० असं एकच माप बसलं. कोल्हापूरची पट्टी एका रात्रीत जमिनीला टेकली. तिकडून फोन आला की चार्टमध्ये काही तरी 'टेक्निकल' आहे. आणि मे महिन्यात नागपूरला उन्हाने असा काही तडाखा दिला की विक्री ५,००० च्या बरीच वर गेली. बांधलेल्या अक्षावर पट्टी वरच्या काठाला टेकते आणि तिथेच छाटली जाते; पुढे दोन हजार कूलर आणखी विकले तरी चित्रात तिची उंची तसूभर वाढत नाही. नागपूरचे मॅनेजर कळवळून म्हणाले, "साहेब, आमचं काहून कापून राहिले?" त्या दिवशी त्यांचा संयम संपला, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

लाख-कोटींचंही एक दुखणं आहे. अक्षावरची शून्यं कमी करायला एक्सेलमध्ये 'डिस्प्ले युनिट्स' नावाची यादी असते. तिच्यात हजाराला नाव आहे, मिलियनला आहे, बिलियनला आहे. लाख आणि कोटीही त्या यादीत आहेत, पण नुसते १००००० आणि १००००००० असे, शून्यं मोजत बसा. त्यामुळे अर्धे चार्ट 'मिलियन'मध्ये निघतात, अर्धे लाखांत, आणि खजिनदार दोन्हींची मनातल्या मनात बेरीज करतात. त्या बेरजेचं उत्तर ते कुणाला सांगत नाहीत.

तरी या सगळ्यात मोडतोड कुणी तरी समोर बसून केलेली असते. खरा घात न केलेल्या गोष्टींनी होतो. एक्सेलची एक सवय आहे: शीटमध्ये ज्या ओळी दडवलेल्या असतील त्या चार्टमध्ये येत नाहीत. सेटिंग बदलता येतं, पण मुळात तसं असतं. सेल्सच्या एका गृहस्थांनी त्या सामाईक फाईलमध्ये फक्त जळगाव पाहायचं म्हणून फिल्टर लावला, पाहिलं, समाधान झालं, फाईल सेव्ह करून जेवायला गेले. त्यांनी एकही आकडा बदलला नव्हता. दुपारी पीपीटी उघडली, आणि त्या दिवशी म्हणे माऊसवर धाडसी हात होता, त्याने 'अपडेट लिंक्स' दाबलं. सगळ्या स्लाइडवर एकटं जळगाव! जळगावच्या मॅनेजरांनी चार वर्षांत पहिल्यांदा बैठकीत तोंड उघडलं आणि म्हणाले, "हे बरं दिसतंय."

फाईलचा पत्ता ही आणखी एक नाजूक जागा. पीपीटीला एक्सेलची फाईल आठवते ती संपूर्ण पत्त्यानिशी: कुठला ड्राइव्ह, कुठलं फोल्डर, त्यातलं कुठलं फोल्डर. आमच्या फाईलचा पत्ता 'न्यू फोल्डर' या फोल्डरमधल्या 'न्यू फोल्डर (२)' मधल्या 'साहेबांनी बघितलेलं' असा आहे. साहेबांनी ते पुन्हा बघितलं आणि कुणी तरी फोल्डरचं नाव 'साहेबांनी दोनदा बघितलेलं' असं केलं की सगळी जोडणी तुटते. मग फाईल मेनूत 'इन्फो'मध्ये जाऊन उजवीकडे अगदी तळाशी 'एडिट लिंक्स टू फाइल्स' शोधायचं. त्यातून एक खिडकी उघडते. तिथे 'चेंज सोर्स' आहे, 'अपडेट नाऊ' आहे आणि 'ब्रेक लिंक' आहे. वैतागलेला माणूस यातलं कुठलं बटण दाबतो हे सांगायला नको. 'ब्रेक लिंक' दाबलं की सगळं शांत होतं. चौकट येत नाही, तक्रार येत नाही, आणि पुढल्या सहा महिन्यांत आकडाही हलत नाही.

'त्यापेक्षा लिंकबिंक नकोच, सरळ हाताने कॉपी-पेस्ट करा' म्हणणारा एक पंथ आहे. त्या पंथाला मी जेपी मॉर्गनची गोष्ट सांगतो. या बँकेला २०१२ मध्ये लंडनच्या एका विभागाच्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. पुढच्या वर्षी बँकेनेच चौकशीचा अहवाल काढला. त्यात निघालं की जोखीम मोजण्याचं त्यांचं नवं गणित एक्सेलच्या शीटच्या माळेवर चालत होतं आणि एका शीटमधले आकडे दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट करावे लागत. शिवाय एके ठिकाणी सरासरीने भागायचं ते बेरजेने भागलेलं, त्यामुळे जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होती. तोटा काही नुसत्या पेस्टमुळे झाला नाही, पण ही गोष्ट सांगितल्यावर आमचा कॉपी-पेस्ट पंथ 'ते परदेशातलं आहे' एवढंच म्हणतो.

हे सगळं निस्तरलं असं समजू. रंग ठरले, अक्ष बांधले, पत्ता पक्का, फिल्टर काढलेला, बटण योग्य दाबलं. तरीही स्लाइडवर एक भाग असा राहतो ज्याला कसलीच जोडणी नाही: आपण हाताने लिहिलेला मजकूर. चार्ट बदलतो, त्याच्या डोक्यावरचं 'नागपूरची घोडदौड कायम' बदलत नाही. जूनच्या बैठकीत, म्हणजे मेअखेरच्या आकड्यांवर, मार्केटिंगच्या एका उत्साही मुलाने बारा महिन्यांच्या चार्टवर अगदी उजव्या टोकाच्या उंच पट्टीकडे बोट दाखवणारा एक बाण काढला. जाड, तिरका, सावलीवाला बाण. त्यावर लिहिलं: 'उन्हाळा!!' सगळ्यांना आवडला. पण चार्ट होता गेल्या बारा महिन्यांचा, दर महिन्याला एक घर डावीकडे सरकणारा. बाण सरकत नव्हता. ऑगस्टच्या बैठकीत मेची पट्टी दोन घरं डावीकडे गेलेली आणि बाणाखाली जुलै. बाहेर धो धो पाऊस, खिडकीखाली बादली ठेवलेली, पडद्यावर जुलैच्या बुटक्या पट्टीवर लिहिलेलं 'उन्हाळा!!' आणि वर मथळा 'घोडदौड कायम'.

याहून विशेष हे, की बैठकीतल्या एकानेही हे खोटं आहे असं म्हटलं नाही. पट्टी बुटकी दिसत होती, पण मथळा मोठ्या टाइपात होता. एकाने विचारलं, "चार्ट अपडेट नाही का झाला?" म्हणजे ज्या एका गोष्टीने त्या स्लाइडवर खरं सांगितलं होतं, संशय तिच्यावरच आला. मॅडमना सांगण्यात आलं की चार्ट तपासा. मॅडम म्हणाल्या, "सर, चार्ट बरोबर आहे, वरचं वाक्य जुनं आहे." साहेब थोडा वेळ विचार करून म्हणाले, "वाक्य चांगलं आहे पण."

मॅडमजवळ या सगळ्यावर औषध आहे. त्यांनी एका नीट केलेल्या चार्टचं टेम्प्लेट सेव्ह करून ठेवलं आहे, नवा चार्ट त्यातूनच काढायचा. सगळ्या शीटमध्ये शाखांचा क्रम एकच, उतरता-चढता काही नाही. प्रत्येक चार्टच्या शीर्षकात 'आकडे अमुक तारखेपर्यंतचे' हे शब्द एक्सेलच्या घरातून येतात, त्यामुळे जुना चार्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो की तो जुना आहे. सामाईक फाईलमध्ये त्यांच्याशिवाय कुणाला काही सेव्ह करता येत नाही. बाहेर पाठवायची प्रत वेगळी, तिच्यातली जोडणी तोडलेली. बाणांवर बंदी. हे सगळं त्यांनी एका पानावर लिहून सगळ्यांना मेल केलं. त्या मेलला तीन जणांनी 'नोटेड' असं उत्तर दिलं आणि एकाने 'हॅपी बर्थडे', ते बहुधा दुसऱ्या कुणासाठी असावं.

तरी महिनेच्या महिने सगळं सुरळीत चालतं, कारण मॅडम असतात. अडचण येते ती गणपतीत. मॅडम कोकणातल्या. चतुर्थीच्या आधी त्या गावी जातात, आणि त्यांच्या गावात रेंज येते ती वरच्या अंगाला, देवळामागे, तीही पाऊस नसेल तर. त्याच सुमारास दिल्लीहून कुणी तरी येणार म्हणून एक तातडीची बैठक लागते. गेल्या खेपेला ती अशीच लागली. पीपीटी उघडली. चौकट आली. या वेळी साहेबांनी स्वतः माऊस हातात घेतला, दोन्ही बटणांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून चौकटच बंद केली. मग म्हणाले, "हे पडद्याचं राहू दे. प्रिंट काढा सगळ्यांना."

मजल्यावरचा प्रिंटर एकच, आणि तो काळापांढरा. निळा, नारिंगी, करडा, पिवळा, सगळे थोड्याफार फरकाने करडेच होऊन बाहेर आले. कोल्हापूरच्या मॅनेजरांनी पान हातात घेतलं, खालीवर फिरवलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीला आल्याच्या समाधानाने ते पाहुण्यांच्या पुढे सरकवलं. पाहुण्यांनी चष्मा चढवला.

"यातलं पुणं कुठलं?"

"डावीकडचं," पुणे आणि नागपूर एकदमच म्हणाले.

वसुलीचं पान सगळ्यात वर लागलं होतं.